दुसऱ्या मजल्यावर थांबायचं नाही

रोज संध्याकाळी सातच्या सुमारास चौथ्या मजल्यावरच्या एका दारात त्रेपन्न वर्षांचा एक माणूस तोंड उघडून उभा राहायचा. समोर त्याची बायको. ती टाचा उंचावून नाक त्याच्या तोंडाशी न्यायची, तो "हा" करून श्वास सोडायचा, ती क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "या." मग तो चपला काढून आत जायचा. शेजाऱ्यांनी पहिले दोन महिने दारं किलकिली करून हा तमाशा पाहिला. नंतर त्यांनाही कंटाळा आला. कोणी किती दिवस बघणार, आणि त्यात बघण्यासारखं होतं तरी काय?

त्याला सगळे चपडा म्हणत. लाखेचे पातळ, तांबूस पापुद्रे असतात त्यांना चपडा म्हणतात. ते स्पिरिटमध्ये विरघळवले की लाकडाचं पॉलिश तयार होतं. हा गडी बत्तीस वर्षं त्यातच बुडालेला, म्हणून हे नाव. दारू सोडलेल्या माणसाच्या नशिबी धंदा यावा तो स्पिरिटचा! मासळीवालीने वासाला विटून घर सोडावं आणि बाजारातच बिऱ्हाड करावं, तसली गत. डॉक्टरांनी सांगितलं, धंदा बदला. डॉक्टरांचं काय जातं सांगायला? त्याने बदलूनही पाहिला. महिनाभर एका गोदामावर वॉचमन म्हणून बसला. तिथे वास नव्हता, पण काही करायलाही नव्हतं, आणि रिकामे हात कुठे वळतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? एकतिसाव्या दिवशी तो काचपेपर आणि कापसाचा बोळा घेऊन पुन्हा लाकडाशी येऊन बसला.

कामावरून निघताना तो दोनदा साबणाने हात धुवायचा, कामाचा शर्ट पिशवीत कोंबून दुसरा घालायचा. तरी वास यायचाच. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "कपड्यांना येतो तो धंद्याचा, तोंडाला येतो तो कर्माचा. मला दोन्हींतला फरक कळतो. तुम्ही फक्त तोंड उघडा."

आणि तिला खरंच कळायचा. तिचं नाक हे सासर-माहेर दोन्हीकडे गाजलेलं प्रकरण होतं. तळमजल्यावर कोणाकडे दूध लागलं तर चौथ्या मजल्यावर ही कपाळाला आठ्या घालायची. ती एका दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची, आणि तिथल्या बायका गठ्ठा नीट धुतला गेलाय की नाही हे ठरवायला तो हिच्यापुढे धरायच्या. "हिच्यापुढे पाप लपत नाही बाई," असं म्हणायच्या. नवऱ्याने मात्र एकोणीस वर्षं तिच्यापुढे पाप लपवायचा प्रयत्न केला.

त्या एकोणीस वर्षांबद्दल फार सांगण्यात अर्थ नाही. दारुड्यांच्या गोष्टी सांगताना लोकांना उगाच चव येते, आणि ऐकणाऱ्यालाही येते. पोटच्या लेकीच्या लग्नात शेवटची पंगत उठेपर्यंत हा सामानाच्या खोलीत गाद्यांवर पडला होता, एवढं सांगितलं तरी पुरे. बाकी रोजचं एकच. पिऊन यायचं, जिना चढायचा आणि दुसऱ्या मजल्यावर थांबायचं. तिथे विजेच्या मीटरच्या पेटीमागे त्याने लवंगांची एक डबी ठेवली होती. दोन लवंगा चावायच्या, शर्टाची बटणं नीट लावायची, केसांवरून हात फिरवायचा, चेहऱ्यावर शहाणपण चढवायचं आणि मग उरलेले दोन मजले साळसूदपणे चढून जायचे. बायकोला कळत नाही अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. मांजर डोळे मिटून दूध पितं, ते काय खोटं आहे?

मग एक दिवस ती भावाकडे निघून गेली. भांडण नाही, रडणं नाही. आधी ती खूप भांडायची. ते बंद झालं तेव्हाच त्याने ओळखायला हवं होतं. तीन महिने ती आली नाही. त्या तीन महिन्यांतले एकवीस दिवस त्याने सरकारी दवाखान्यात खाटेला धरून थरथरत काढले, आणि बरा होऊन तिला आणायला गेला. ती आली, पण आधी मेहुण्याच्या दारातच उभं राहून तिने सांगितलं, "मी नवऱ्याकडे येत नाहीये, माझ्या घरी येतेय. रोज दारात वास घेईन. ज्या दिवशी आला, त्या दिवशी मी इथे. मग मला न्यायला येऊ नका. मी खरंच दमलेय हो." शेवटचं वाक्य तिने अगदी हळू म्हटलं होतं, आणि त्याला तेच लक्षात राहिलं.

या गोष्टीला चौदा महिने झाले होते.

दारू सुटली की आयुष्याचं सोनं होतं, असं लोक सांगतात. ते सांगणारे बहुधा कधी प्यायलेले नसतात. चपड्याचं काही सोनं झालं नाही. तो दमला. दिवसभर काम करून दमायचा ते वेगळं, हे न पिण्याचं दमणं निराळंच होतं. रोज सकाळी उठायचं आणि आज नाही, असं ठरवायचं. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा पहिल्यापासून. कालचं ठरवलेलं आजच्या कामी येत नाही. संध्याकाळी सात ते दहा हे तीन तास कशासाठी असतात, हे त्याला वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा शोधावं लागलं. नवरा-बायको शेजारी बसून टीव्ही बघायचे. बोलायला विषय नसायचा. इतकी वर्षं भांडणानेच घर भरलेलं होतं, तेही गेलं आणि घर रिकामं झालं. मंगळवारी तो दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जायचा. तिथे एक निवृत्त पोस्टमन होता, बावीस वर्षं न प्यायलेला. चपड्याने त्याला एकदा विचारलं, "हे दमणं कधी संपतं हो?" पोस्टमन म्हणाला, "संपलं की कळवीन."

एवढा सगळा डोलारा उभा होता तो बायकोच्या नाकावर. त्याला त्यात लाज वाटत नव्हती. दिवसभरात कधी जीभ कोरडी पडली, पाय दारूच्या दुकानाकडे वळायला लागले की तो मनात म्हणायचा, संध्याकाळी दारात "हा" करायचंय. की पाय वळायचे थांबायचे.

त्या दिवसांत त्याच्याकडे एका वाचनालयाचं काम होतं. वाचनकक्षातली सोळा लांब टेबलं, जुन्या सागवानाची. शनिवारी संध्याकाळी तिथला शिपाई म्हणाला, "स्पिरिट इथे ठेवू नका. उद्या सुट्टी, बंद दालनात आग लागली तर माझी नोकरी जाईल." म्हणून चपड्याने दोन लिटरची बाटली पिशवीत घातली आणि घरी आणली. घरात स्पिरिट आणायचं नाही असं बायकोने बजावलेलं. सरळ सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण बाटली हातात होती, आणि बाटली घरात आणली की काय करायचं हे त्या हाताला एकोणीस वर्षं पाठ होतं. बायको आत गेल्याचं बघून त्याने पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे, केरसुणीच्या आड सरकवली. कामाची, हक्काची बाटली, आणि लपवली कशी तर चोरासारखी! सवय मेली तरी तिचं भूत हातात राहतं.

रविवारी सकाळी तो आंघोळ करून बाहेर आला आणि जागीच थिजला. सगळ्या घरात स्पिरिटचा भपकारा सुटला होता. डोळ्यांतून पाणी यावं इतका. बाटलीचं झाकण सैल राहिलं होतं आणि दारामागून एक ओघळ स्वयंपाकघराच्या मध्यापर्यंत आला होता. त्या ओघळापासून हातभर अंतरावर बायको खाली बसून पालेभाजी निवडत होती. आता ही उठणार, पिशवी भरणार आणि भावाकडे जाणार. त्याने तोंडात वाक्यं जुळवली: अगं कामाचं आहे, शिपायाने ठेवू दिलं नाही, आईशप्पथ.

बायकोने मान वर केली. "इतका वेळ आंघोळीला? चहा टाकते," असं म्हणून ती उठली आणि लायटर घेऊन गॅसकडे वळली.

"थांब!" तो ओरडला. त्याने जाऊन तिचा हात धरला.

"काय झालं?"

"गॅसची... नळी बघायचीय मला. सैल वाटते. पेटवू नकोस."

"बघा मग," ती म्हणाली. पाय उचलताना तिचं लक्ष खाली गेलं. "अगं बाई, हे पाणी कुठून आलं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. ती वाकून त्या ओघळाला बोट लावत होती. पाणी म्हणत होती.

"माझ्याच अंगाचं गळलं असेल," तो म्हणाला. "बस तू बाहेर. मी पुसतो."

त्याने खिडक्या उघडल्या, फरशी तीनदा पुसली, बाटली गच्चीवर नेऊन ठेवली. तासाभराने चहा झाला. बायको त्याला म्हणाली, "आज फार कामसू झालात." आणि हसली. तो हसला नाही.

सोमवारी वाचनालयात टेबलावर बोळा फिरवताना त्याच्या मनात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. पॉलिशचा हात गोल गोल फिरता ठेवावा लागतो. मध्ये कुठे थांबला की तिथे कापड चिकटतं आणि डाग पडतो, मग सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे हात चालूच होता आणि डोकंही. थंडीत तिला मोठा ताप आला होता, आठ दिवस अंथरुणावर होती. त्यानंतर दोनदा दूध करपलं. म्हणाली, वय झालं. भाजी आणली की त्याच्यापुढे धरून विचारायची, "बघा हो, शिळी नाही ना?" पूर्वी तिने असलं कधी कोणाला विचारलं नव्हतं. म्हणजे तापात नाक गेलं. म्हणजे सहा महिने. सहा महिने रोज संध्याकाळी ती टाचा उंचावून त्याच्या तोंडाशी येत होती आणि तिला काहीही येत नव्हतं.

त्याला आधी राग आला. फसवलं, असं वाटलं. फसवण्याबद्दल रागवायचा हक्क आपल्याला किती, हा विचार थोडा उशिराने आला. त्यानंतर तिसरी गोष्ट आली, आणि ती आली तेव्हा तो हात थांबवून उभा राहिला. आज प्यायलो तर कोणाला कळणार नाही.

टेबलावर हाताएवढा डाग पडला.

संध्याकाळी तो दुकानाच्या रांगेत उभा होता. प्यायचं नाही हे नक्की होतं. फक्त चूळ भरायची होती. एक छोटी बाटली घ्यायची, चूळ भरायची, थुंकायची आणि दारात जाऊन "हा" करायचं. तिला खरंच वास येत नाही का, याची एकदा खात्री करून घ्यायची, बस. यात पिणं कुठे आलं? रांगेत त्याच्यापुढे चार माणसं होती आणि तेवढ्या वेळात त्याने हे स्वतःला चारदा पटवलं. दारूला वकील लागत नाही, पिणारा स्वतःच तिची बाजू मांडतो.

त्याचा नंबर आला. जाळीमागच्या माणसाने मान वर केली आणि त्याचा चेहरा खुलला. "अरे, चपडाशेठ! किती दिवसांनी! कुठे बाहेरगावी होतात का?"

मागचा माणूस चुळबुळ करू लागला.

"नाही," चपडा म्हणाला. "घरीच होतो."

स्वतःच्या तोंडून हे ऐकून त्याला काय झालं कोण जाणे. चौदा महिने कंटाळवाणे, लांबलचक, टीव्हीपुढचे. पण घरी होता. त्या आधीची एकोणीस वर्षं तो त्याच घरात राहून घरी नव्हता. जाळीमागच्या माणसाने सवयीने त्याची नेहमीची बाटली पुढे सरकवली होती. त्याने ती तशीच ठेवली आणि रांगेतून बाहेर पडला. यात काही पराक्रम नव्हता. आणखी एक मिनिट उभा राहिला असता तर घेतली असती, हे त्याला चांगलं माहीत होतं.

इमारतीपर्यंत येताना तो पार गळून गेला. पहिला मजला चढला, दुसरा चढला आणि तिथे गुडघ्यांनी हात टेकले. तो कठड्याला टेकून उभा राहिला. तिला सांगायचं का? मला कळलंय म्हणून सांगितलं तर उद्यापासून दारात काय करायचं? नाही सांगितलं तर उद्या पुन्हा रांगेत उभं राहणार नाही कशावरून? समोर मीटरची पेटी होती. तिच्यामागे ती डबी अजून असेल का, असंही मनात येऊन गेलं, पण हात काही घातला नाही. पाचेक मिनिटं गेली असतील. मग तो उरलेले दोन मजले चढला.

दार उघडंच होतं. बायको उंबऱ्यात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तिने पदर कमरेला खोचला होता, तीन महिन्यांसाठी गेली त्या दिवशी खोचला होता तसा. त्याने तोंड उघडलं. ती पुढे आली नाही.

"थांबलात," ती म्हणाली.

"काय?"

"दुसऱ्या मजल्यावर थांबलात."

त्याला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि कानशिलं तापली. इतकी वर्षं! लवंगा, बटणं, केस, सगळं ती वर दाराआड उभी राहून ऐकत होती.

"मी प्यायलो नाही," तो म्हणाला. "वास घे."

ती हलली नाही. तिचे डोळे भरून आले.

"तुला वास येत नाही," तो म्हणाला. "माहितेय मला. काल ते पाणी नव्हतं. स्पिरिट होतं, मीच आणून लपवलं होतं."

ती उंबऱ्यातच खाली बसली. तिने तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "तापातच गेलं. कामावरही कोणाला सांगितलं नाही, गठ्ठे धरतात पुढे आणि मी आपली ठीक आहे म्हणते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, सांगा बरं."

खोटं बोलण्याची ही उत्तम वेळ होती. पण खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो, आणि त्याच्यात तो उरला नव्हता.

"प्यायलो असतो," तो म्हणाला. "आज दुकानापर्यंत गेलोच होतो. रांगेत उभा होतो. माझा नंबरही आला होता."

"आणि?"

"परत आलो."

"ते मी कशावरून मानू?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती. "नाक गेल्यापासून मी तुमचे पायच ऐकत आले. प्यायलेले असलात की थांबणार, हे मला पाठ होतं. सहा महिन्यांत एकदाही थांबला नाहीत. रोज सात वाजले की माझा जीव दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसतो हो. आणि आज थांबलात."

"दमलो होतो गं."

"मी पण दमलेय."

समोरच्या घरातल्या टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. तो भिंतीला टेकून उभा, ती उंबऱ्यात बसलेली. आता ही उठून पिशवी काढेल, असं त्याला वाटलं, आणि काढली तर अडवायचं कोणत्या तोंडाने, हेही कळेना. ती उठली. तिने डोळे पुसले, खोचलेला पदर सोडला.

"खाली जा," ती म्हणाली.

"आं?"

"पार खाली, रस्त्यापर्यंत. आणि पुन्हा वर या. न थांबता."

"अगं, गुडघे..."

"ते मला माहितेय," असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

तो कठडा धरून चार मजले उतरला. खाली रस्त्यावर आला. भाजीवाली टोपली आवरत होती, तिने विचारलं, "काय विसरलं का?" तो "हो" म्हणाला आणि वळला. पहिल्या मजल्यापर्यंत काही वाटलं नाही. दुसऱ्याकडे जाताना श्वास तोंडाने घ्यावा लागला. मीटरच्या पेटीजवळ आला तेव्हा उजवा गुडघा नको म्हणत होता, मांडी थरथरत होती, आणि कठड्यावरचा हात आपोआप घट्ट झाला. दोन मजले वर एक बाई दाराला कान लावून उभी होती. त्याने हात सोडला आणि पुढची पायरी चढला. मग त्याच्या पुढची. तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले. घामाने शर्ट पाठीला चिकटला. एकेका पायरीवर तो मुद्दाम जोरात पाय आपटत होता, तिला नीट ऐकू जावं म्हणून.

चौथ्या मजल्यावर दार लावलेलंच होतं. तो त्याच्यासमोर उभा राहिला, धापा टाकत. हाक मारायला श्वास नव्हता. सवयीने त्याने तोंड उघडलं.

दार उघडलं. तिने त्याच्या तोंडाशी नाक नेलं नाही. हातातला पाण्याचा तांब्या पुढे केला.

"या," ती म्हणाली.